मागे बसलेल्या पोराचे नाव

२४ जुलै १९४३ या तारखेची सांगलीकरांना ओळख करून द्यावी लागत नाही. गणेशदुर्गातल्या तुरुंगात पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तटावर चढले आणि खंदकात उड्या टाकून बाहेर पडले. पाठलागात अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांचा बळी गेला, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. त्याच दिवशी, रात्र पडल्यावर, इंग्लंडमधल्या विमानतळांवरून ७९१ बॉम्बर विमाने हॅम्बुर्ग शहराकडे निघाली. त्यांतली १२ परतली नाहीत. बहुतेक विमानांत सात-सात जण, वय वीस-बावीसच्या आसपास. पुढच्या दहा दिवसांत त्या शहरात ३५ ते ४० हजार माणसे मेली. त्यांतली बरीचशी २७ जुलैच्या रात्री उठलेल्या आगीच्या लोटात.

हे दोन प्रसंग शेजारी मांडले की पुष्कळांना ते रुचत नाही. त्यांचे चुकते असेही नाही. एकीकडे साम्राज्याविरुद्ध उठलेली पोरे, दुसरीकडे त्याच साम्राज्याच्या विमानात बसलेली. पण मला ते मुद्दाम शेजारी मांडायचे आहेत, कारण आपल्या सातारा-सांगलीकडे एक प्रश्न बरीच वर्षे कुणी विचारलेला नाही. त्या युद्धात आपल्याकडचा एखादा पोरगा हवाई दलाचा निळा गणवेश चढवून बॉम्बरमध्ये बसला आणि तिथेच मेला, तर गावाच्या फलकावर त्याचे नाव घालायचे की नाही? माझे मत स्पष्ट आहे, घालायचे. मात्र ते हार घालून मोकळे व्हायच्या पद्धतीने नाही. तो कशात बसला होता, कुणाच्या हुकमाने गेला, खाली काय होते, हेही नावाखाली लिहायचे. ही अट मान्य नसेल तर नाव न घातलेले बरे.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘माझी माती माझा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक उभारले. स्वातंत्र्यसैनिक आणि देशासाठी प्राण दिलेले जवान यांची आठवण त्यावर राहावी अशी कल्पना होती. कल्पना चांगली, पण काम तीन आठवड्यांत उरकायचे म्हटल्यावर ग्रामसेवकाच्या हाताशी जी यादी येते तीच दगडावर जाते. हाताशी दोन याद्या असतात. एक हुतात्म्यांची आणि स्वातंत्र्यसैनिकांची, दुसरी सैनिक कल्याण कार्यालयाकडची, म्हणजे १९४७ नंतरच्या युद्धांची. या दोन याद्यांच्या मधून जो निसटला तो निसटलाच.

दिल्लीत तरी वेगळे काय आहे? इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, ती पहिल्या महायुद्धातली आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली. शेजारीच २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारक झाले, त्यावर स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतले जवान. मधले दुसरे महायुद्ध कुठेच नाही. त्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली होती आणि सुमारे ८७ हजार माणसे मेली. एवढा आकडा दोन स्मारकांच्या मधल्या हिरवळीत हरवतो, आणि त्याची कुणाला खंत वाटत नाही. याचे कारण मला वाटते ते असे, की ही माणसे कुठल्या गोष्टीत बसवायची हे आपल्याला ठरवता आले नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टीत ती चुकीच्या बाजूला उभी दिसतात, आणि स्वतंत्र भारताच्या फौजेच्या गोष्टीत ती वेळेआधी मेलेली.

पायदळाचे त्यातल्या त्यात बरे. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याच्या नावामागे ‘मिलिटरी’ लागले ते उगाच नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि इंग्रजांनी गावात त्यांची आठवण उभी केली. अशा गावात पोरगा भरती होतो तो चुलत्याच्या नाहीतर मामाच्या पलटणीत. बेळगावच्या सेंटरमध्ये त्याला नावानिशी ओळखणारा कुणीतरी आधीच असतो. तो मेला तर बातमी आणणारा शेजारच्या वाडीचा, ट्रंक घेऊन येणारा सोयरा. माण-खटावच्या पट्ट्यात शेती पावसावर आणि घर मनीऑर्डरवर असे पिढ्यानपिढ्या चालले. तिथे इटलीत किंवा ब्रह्मदेशात गेलेला आजोबा फलकावर नसला तरी घरातल्या फोटोत असतो, पारावरच्या बोलण्यात असतो. पलटण ही गावाचीच दूर वसलेली एक आळी.

हवाई दलाचे असे नव्हते. ८ ऑक्टोबर १९३२ ला हिंदी हवाई दल कागदावर आले, युद्ध संपेपर्यंत त्याची नऊ स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, झाली. त्यात विमानावर चढायचे तर इंग्रजी हवे, गणित हवे, मॅट्रिक तरी हवी. म्हणजे हा पोरगा बहुधा डोंगरातल्या वाडीचा नव्हे. सातारा, कऱ्हाड, मिरज, सांगली इथल्या हायस्कुलात नाहीतर विलिंग्डन कॉलेजात शिकलेला, मास्तराचा, वकिलाचा, कचेरीतल्या कारकुनाचा. तो एकटा गेला. विमानात त्याच्या पुढे बसलेला पंजाबचा, इंजिन पाहणारा मद्रासचा, स्क्वॉड्रनचा साहेब आणखी कुठला. तो मेला तेव्हा त्याच्या मरणाचा साक्षीदार जिल्ह्यात कुणी नसायचा. घरी तार यायची, त्यात ‘बेपत्ता’ लिहिलेले असायचे. काही महिन्यांनी दुसरा कागद, की आता मृत मानण्यात येत आहे. ना देह, ना राख, ना दहाव्याची तिथी नक्की. मग भाऊ नोकरीसाठी मुंबईला, बहीण सासरी, वाडा विकला जातो आणि आठवण सांगणारे शेवटचे माणूस संपले की पोरगाही संपतो. पायदळातल्या शिपायाला विसरायला गाव लागते. याला विसरायला एक घर पुरले.

‘हिंदी पोरे आणि बॉम्बर?’ असे विचारणारे भेटतात, म्हणून थोडे तपशिलात जातो. १९४२ च्या डिसेंबरात उभ्या राहिलेल्या हिंदी हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनांना ‘व्हेंजन्स’ नावाचे अमेरिकी बनावटीचे डाइव्ह बॉम्बर मिळाले. अमेरिकेने हे विमान स्वतः लढाईत वापरले नाही. इंग्रज, ऑस्ट्रेलियन आणि आपण यांच्या वाट्याला ते आले. आरंभी त्याच्या इंजिनाने फार छळले. पण १९४३ च्या अखेरीपासून १९४४ च्या पावसाळ्यापर्यंत ब्रह्मदेशातल्या आराकानात आणि इंफाळच्या भोवती या दोन स्क्वॉड्रनांनी त्याच विमानांवर काम केले. पुढे हवाई दलप्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल त्यांतल्याच ७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे.

व्हेंजन्समध्ये माणसे दोन. पुढे वैमानिक, मागे दुसरा. या दुसऱ्याने वाट काढायची, रेडिओ सांभाळायचा आणि शेपटीकडे तोंड करून मशीनगन धरायची. विमान दहा-बारा हजार फुटांवरून नाक जवळजवळ सरळ खाली करून सुटायचे, लक्ष्यावर बॉम्ब टाकून वर यायचे. पुढच्याच्या हातात विमान असायचे, डोळ्यांपुढे लक्ष्य असायचे. मागच्याला त्या वेळी जमीन दिसायची नाही. तो पाठीवर पडल्यासारखा आकाशाकडे बघत खाली जायचा आणि आपण वर आलो की नाही हे अंगावरच्या दाबावरून ओळखायचा. तोफेचा गोळा लागला, इंजिन बंद पडले, वैमानिकाचा अंदाज चुकला, काहीही झाले तरी त्याच्या हातात काही नव्हते.

खाली कोण होते? आराकानात आणि मणिपुरात खाली जपानी खंदक होते, आणि त्यांच्यासमोर आपलीच माणसे. मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांच्या वेढ्यात पाण्यावाचून लढत होती. त्या महिन्यांत इंफाळच्या आघाडीवर व्हेंजन्सची उड्डाणे रोजची होती. म्हणजे साताऱ्याचा एक पोरगा दरीत आणि दुसरा ढगांत, असे घडू शकत होते. पहिल्याचे नाव पलटणीने जपले. दुसऱ्याचे स्क्वॉड्रनने किती जपले असेल? युद्ध संपता संपता व्हेंजन्स मोडीत निघाली आणि स्क्वॉड्रनांना दुसरी विमाने मिळाली.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे, की ही पोरे इंग्रजांची नोकरी करत होती. तो उडवून लावणाऱ्यांशी माझे जमत नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. गोळ्या त्याच सरकारच्या होत्या. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात बिहार-बंगालकडे जमावावर विमानातून मशीनगन चालवल्या गेल्या, आणि ही गोष्ट सरकारला कायदेमंडळात कबूल करावी लागली. १९४३ मध्ये बंगालात माणसे अन्नाविना मरत असताना जहाजे युद्धाच्या कामाला जुंपलेली होती. आणि आपल्या जिल्ह्यात याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली, कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना रानोमाळ फिरत होती. त्या गावच्या माणसाने विचारले, की आमचे लोक रानात उपाशी आणि तुमचा पोरगा सरकारी मेसमध्ये जेवत होता, त्याचे नाव आमच्या शेजारी कशाला, तर त्याला गप्प बसवण्याचा हक्क कुणाला नाही.

शेजारी नको, हे मलाही मान्य आहे. हुतात्म्यांच्या यादीत हे नाव घुसवू नये. ऐंशीच्या दशकात राज्यभर जी हुतात्मा स्मारके झाली ती एका विशिष्ट लढ्याची आहेत, त्यांत भेसळ करायचे कारण नाही. (त्या स्मारकांची आजची अवस्था पाहिली तर तिथे कुणाला घुसायची हौस होईल असेही नाही, पण तो वेगळा विषय.) माझे म्हणणे दुसऱ्या रकान्याचे आहे. गावाचा फलक ही गावाची नोंद असते, गौरवपत्र नव्हे. गावातून कोण गेले आणि कशात मेले हे गावाला ठाऊक असायला हवे, मग ते मरण गावाला आवडो की न आवडो.

आणि ‘इंग्रजांची नोकरी’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचा उठाव झाला तेव्हा त्यांच्या बाजूने मुंबईतल्या छावण्यांमधले हवाई दलाचे हिंदी जवानही संपावर गेले. गणवेश तोच, निळा. दोन वर्षांपूर्वी व्हेंजन्सच्या मागच्या सीटवर मेलेला पोरगा जगला असता तर त्या दिवशी कुठे उभा राहिला असता हे आपल्याला कळणार नाही. पण तो साहेबाबरोबरच उभा राहिला असता असे ठरवून टाकण्याचाही आपल्याला अधिकार नाही. विसाव्या वर्षी मेलेल्या माणसाला मत बदलायला वेळ मिळालेला नसतो. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९४२ मध्ये भूमिगत होते, सरकारला हवे असलेले फरारी. वीस वर्षांनी ते देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे आत घुसल्यावर हवाई दल वापरायला होकार देणारे तेच होते. त्या हवाई दलातले वरचे बहुतेक अधिकारी इंग्रजांच्या हाताखाली ब्रह्मदेशात शिकलेले. जगलेल्यांना आपण विनाशर्त आपले मानले. अट फक्त मेलेल्यांना.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. तो बॉम्बचा आहे. शिपाई समोरच्या शिपायाला मारतो. बॉम्बर खालच्याला मारतो, आणि खाली कोण आहे ते त्याला नीट दिसत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते हे इथे अपघाताने घडत नव्हते, काही ठिकाणी ते धोरण होते. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने ब्रिटिश बॉम्बर कमांडला शत्रूच्या नागरी लोकसंख्येचे, विशेषतः कामगारवस्तीचे, मनोधैर्य मोडण्याचे काम नेमून दिले गेले. ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ ला सुमारे २५ हजार माणसे मेली. ‘त्या काळी सगळ्यांनाच ते बरोबर वाटत होते’ असे म्हणायचीही सोय नाही. बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, लॉर्ड्स सभागृहात उभे राहून या बॉम्बहल्ल्यांना विरोध केला होता.

तरीही आदेश काढणारे आणि विमानात बसणारे यांना एकाच दोरीने बांधता येत नाही. बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख विमानकर्मींपैकी ५५,५७३ मेले, म्हणजे शंभरातले ४४. एका फेरीत ३० मोहिमा. त्या पुऱ्या होईपर्यंत जगण्याची शाश्वती अर्धीही नव्हती. लँकॅस्टर विमानाच्या शेपटीतल्या गनरला त्या खोक्यात पॅराशूट बांधून बसता यायचे नाही. ते मागे विमानात टांगलेले असायचे, आणि विमान पेटल्यावर आधी तिथपर्यंत पोहोचायचे. सगळे स्वेच्छेने आलेले, हे खरे. पण आल्यावर ‘आता मला जायचे नाही’ म्हणणाऱ्याच्या कागदावर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शेरा पडायचा आणि त्याची सगळ्यांदेखत पत उतरवली जायची. एकवीस वर्षांच्या पोराला मरणापेक्षा तो शेरा जड वाटत असणार. तो निर्दोष होता असे मी म्हणत नाही. आपण शहरावर बॉम्ब टाकतो आहोत हे त्याला कळत होते. त्याचा वाटा होता, पण तो सर्वांत लहान वाटा होता आणि किंमत त्यानेच सर्वांत मोठी दिली.

गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी ही पोरे मेली त्या इंग्रजांनाही त्यांचे काय करावे हे कळत नव्हते. युद्ध जिंकल्यावर बॉम्बर कमांडसाठी स्वतंत्र पदक निघाले नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये स्मारक झाले ते २८ जून २०१२ ला. त्यात विमानातून नुकते उतरलेले सात जण उभे आहेत, थकलेले, शस्त्र कुणाच्या हातात नाही. आणि त्याच स्मारकावर एक ओळ आहे, की १९३९ ते १९४५ या काळातल्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या माणसांचीही ही आठवण आहे. या ओळीने सगळे फिटले असे नाही. तिकडे अजूनही वाद चालतात. पण वर बसलेला आणि खाली मेलेला यांना एकाच दगडावर आणायला त्यांना ६७ वर्षे लागली, आणि शेवटी त्यांनी ते केले. आपल्याला तेवढे थांबायचे कारण नाही.

आपल्याकडचा हिशोब थोडा निराळा आहे हेही सांगायला हवे. आपल्या व्हेंजन्सवाल्यांना शहरे जाळायला पाठवले नव्हते. त्यांचे काम रणांगणावरचे, खंदक, पूल, रसदीच्या वाटा. पण आराकानचे रान म्हणजे निर्मनुष्य जंगल नव्हते, तिथे भात लावणारी माणसे राहत होती. रंगूनची गोष्ट तर आपल्याला जवळची असायला हवी. २३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले तेव्हा त्या शहरातली निम्म्याहून अधिक वस्ती हिंदुस्थानी होती. गोदीतले हमाल, गाडीवाले, कारकून मेले. उरलेले लाखो लोक आसामच्या वाटेने पायी निघाले. पुढे त्याच रंगूनवर दोस्तांच्या विमानांनीही बॉम्ब टाकले. खाली उभ्या असलेल्या हमालाला वरचे विमान कुणाचे याने फरक पडत नव्हता. बॉम्बरमधल्या पोराची आठवण ठेवायची आणि या हमालाची ठेवायची नाही, असे करणारा गाव मला प्रामाणिक वाटणार नाही.

अशा वेळी पाचगणीचीही आठवण येते. युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आणि त्यांच्यातल्या आजारी बायकामुलांसाठी पाचगणीत व्यवस्था होती. त्यांचे पुरुष दूर, पोलिश सैन्यात. पोलंडच्या वैमानिकांची स्वतःची बॉम्बर स्क्वॉड्रन इंग्लंडमधून उडत होती. वॉर्सा १९३९ मध्ये बॉम्बखाली भाजून निघाल्यावर त्या बायकांना जर्मनीकडे जाणारे बॉम्बर कसे वाटत असतील हे सांगायला नको. घाटाखाली प्रतिसरकार, घाटावर त्या बायका. एकाच जिल्ह्यात, एकाच साली, त्याच इंग्रजांच्या युद्धयंत्रणेकडे बघणारी ही दोन जगे होती, आणि दोन्हींकडे बोलायला खरी कारणे होती.

तिसरा आक्षेप येतो तो माजी सैनिकांकडून. ते म्हणतात, नाव घाला, पण बाकीचा पाढा कशाला? खाली काय होते, हुकूम कुणाचा होता, हे दगडावर लिहिणे म्हणजे मेलेल्या पोरावर खटला चालवणे. मला उलटे वाटते. फक्त ‘अमर रहे’ लिहिले की तो पोरगा कुठल्याही पोरासारखा होतो. त्याचे खरे आयुष्य, जे जेमतेम वीस-एकवीस वर्षांचे होते, तेही आपण काढून घेतो. शिवाय बॉम्ब कुठे टाकायचा हे ठरवता येते, आणि ठरवणाऱ्यांना त्याबद्दल विचारता येते, हे पुढच्या पोरांना कळायला हवे. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या १२ कॅनबेरा बॉम्बरांनी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर हल्ला केला. तेव्हा धावपट्टी उखडायची, इमारतींना हात लावायचा नाही, असे सांगितलेले होते आणि ते पाळलेही गेले. तेच शस्त्र, तसेच लोक, पण हुकूम वेगळा. हा फरक जिथे नोंदवला जात नाही तिथे सगळी विमाने सारखीच शूर दिसतात, आणि हे सैन्यालाही परवडणारे नाही.

मला आणखी एक राग आहे. विमान म्हटले की आपल्याला वैमानिकच दिसतो. सिनेमात तो, शाळेच्या भिंतीवर तो, चौकाच्या नावात तो. मागचा नॅव्हिगेटर, गनर, रेडिओवाला हे जणू सामान. कॅनबेराचा जो लढाऊ प्रकार आपल्या हवाई दलाने वापरला त्यात वैमानिकाला बाहेर फेकणारी सीट होती, नॅव्हिगेटरला नव्हती. त्याने आपल्या जागेवरून निघून बाजूच्या दारातून उडी मारायची. २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री एक कॅनबेरा पाकिस्तानी विमानाने पाडले. वैमानिक युद्धकैदी झाला, नॅव्हिगेटर मेला. हा योगायोग मानायचा असेल त्याने मानावा. मी ते विमानाच्या रचनेतच लिहिलेले होते असे मानतो, आणि आठवणीची रचनाही आपण तशीच करून ठेवली आहे. साताऱ्यात देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ पासून आहे. तिथल्या पोरांना फायटर पायलट व्हायचे असते, ते ठीकच. पण मागच्या सीटवर बसून मेलेल्यांची यादी त्यांनी एकदा वाचली तर बिघडणार नाही.

मग लिहायचे काय? माझ्या डोळ्यांपुढे साधारण असा मजकूर आहे: ‘अमुक तमुक, राहणार याच गावचे, वय २१. हिंदी हवाई दलात एअर गनर. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी ठाण्यांवर बॉम्बफेकीसाठी गेले असता विमानासह बेपत्ता. त्या वेळी देश इंग्रजांच्या ताब्यात होता. या लढाईत दोन्हीकडचे सैनिक आणि तिथले रहिवासी मेले, त्यांचीही नोंद असावी.’ पाचसहा ओळी. विशेषण एकही नाही. यात कुणाचा अपमान होतो असे मला वाटत नाही, आणि कुणाला फुकटचा मानही मिळत नाही. कुंडलच्या माणसाला तो वाचता येईल, अपशिंग्याच्याही.

हे काम अशक्य नाही, फक्त किचकट आहे. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी सर्वांना पाहता येतात. पुण्याजवळ खडकीला त्यांची दफनभूमी आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक समाधी आहेत. हिंदी जवानांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव आणि गावाचे नाव दिलेले असते, पण ते एखाद्या गोऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजीत उतरवलेले. त्या अक्षरांतून वाडी ओळखायला दिल्लीचा संशोधक उपयोगाचा नाही, तालुक्याचा माणूसच हवा. आडनाव लावले असेल असेही नाही. दुसरे टोक शाळेचे. जुन्या हायस्कुलांची जनरल रजिस्टरे अजून कपाटात आहेत, त्यांत मॅट्रिकला बसलेल्या पोरांची जन्मतारीख आणि गाव सापडते. ही दोन टोके जुळवली की नाव पक्के होते.

एक अडचण मात्र आधीच ध्यानात ठेवावी. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यासारखा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. सांगली आणि मिरज ही संस्थाने. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली झाले. त्यामुळे विट्याचा किंवा आष्ट्याचा पोरगा जुन्या कागदात साताऱ्याचा म्हणून सापडेल आणि मिरजेचा संस्थानी म्हणून. दोन जिल्ह्यांनी आपापली यादी वेगळी काढायला घेतली तर हीच पोरे पुन्हा मधल्या मध्ये राहतील. यादी एकच काढावी, दोन्ही सैनिक कल्याण कार्यालयांनी मिळून, आणि दगड मागवण्याआधी ती वर्षभर गावोगावच्या ग्रामपंचायतींत लावून ठेवावी. कुणाच्या तरी नातवाला त्यातले एखादे नाव ओळखीचे वाटेल, आणि एखादे नाव खोडायलाही कुणी येईल. दोघांचेही ऐकून घ्यावे.